पुढचा चिमटा

मालूने सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली तेव्हा कुंडलिकचं लक्ष आधी सायकलीकडे गेलं, पोरीकडे नाही. वर्तकनगरच्या कोपऱ्यावरच्या त्याच्या दुकानात यायच्या त्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकली, नाहीतर शाळकरी पोरांच्या रंगीबेरंगी. ही जाड टायरची, परदेशी बांधणीची होती आणि तिच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्याला चक्क शॉकअप होते. मोटरसायकलला असतात तसेच, फक्त बारीक. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत अख्ख्या ठाण्यात अशा चिमट्याच्या दहा सायकलीसुद्धा नसतील.

"काका, शॉकअपवाले कुंडलिक तुम्हीच ना?" पोरीने विचारलं. वीसेक वर्षांची होती. सडपातळ, उन्हाने रापलेली, घोट्यापाशी पँटला रबर लावलेलं.

"सायकलवाला कुंडलिक. शॉकअप सुटले, त्याला जमाना झाला."

"पण येतं ना? येऊरच्या डोंगरात सायकल मारणारे सगळे तुमचंच नाव घेतात. हा चिमटा दबतच नाही हो. उतारावर प्रत्येक दगड थेट खांद्याला लागतो."

कुंडलिकने हँडल धरून पुढचा ब्रेक आवळला आणि वरून अंगाचा भार टाकला. चिमटा आधी अडकला, मग झटका देऊन जरासा खाली गेला आणि तसाच राहिला. त्याला आतून बरं वाटलं. अकरा वर्षांनी असली वस्तू हाताखाली आली होती.

"ग्रीस सुकलंय आतलं. उघडावा लागेल. कुठून आणलीस ही?"

"बाबांच्या कंपनीत मशीन बसवायला जर्मनीचा इंजिनिअर आलेला. वर्षभर होता. जाताना बाबांना देऊन गेला."

"कुठली कंपनी?"

तिने नाव सांगितलं. वागळे इस्टेटमधली शॉकअपची कंपनी. कुंडलिक जिथे फिटर होता तीच.

"बाबांचं नाव काय?"

"परशुराम कोळी. स्टोअरला असतात. आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले."

आता कुंडलिकने पोरीचा चेहरा नीट पाहिला. तेच रुंद नाक, एक पाय पुढे टाकून उभं राहायची तीच ढब. आधीच कसं ओळखलं नाही, याचाच त्याला राग आला.

"ठेवून जा," तो म्हणाला. "परवा ये."

शहाऐंशी साली त्या कंपनीत टाळेबंदी झाली होती. साडेसात महिने गेटवर मांडव होता. कुंडलिक युनियनचा, मांडवात रोज पुढे बसणारा. दुसऱ्याच महिन्यात काही जण मालकाने पुढे केलेल्या कागदावर सह्या करून आत गेले आणि त्यात परशुराम होता. एकाच बेंचवर दोघांनी सात वर्षं शॉकअप भरले होते, एका डब्यातलं खाल्लं होतं. तो परशुराम सकाळी मान खाली घालून मांडवासमोरून आत जायचा. मग एके दिवशी गेटवर मॅनेजरच्या गाडीची काच दगडाने फुटली. चौकशी बसली. परशुरामने चौकशीत सांगितलं, दगड कुंडलिकने मारला. टाळेबंदी उठली तेव्हा बाकीचे कामावर गेले, काहींनी हिशेब घेतला, आणि कुंडलिकच्या हातात बडतर्फीचं पत्र पडलं.

"पर्शाने खोटी साक्ष दिली," हे कुंडलिकने तेव्हापासून शेकडो वेळा सांगितलं होतं. बायकोला, शांताबाईला सांगितलं. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या तानाजीला सांगितलं. तानाजी त्याच मांडवात बसलेला, पुढे नोकरी सोडून गिरणी टाकलेला माणूस. त्याने कधी शंका घेतली नाही. विहारात, चाळीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे विषय निघेल तिथे कुंडलिकने हेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं, की दगड आपणच मारला होता हे त्याला स्वतःलाही सहसा आठवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चिमटा उघडला.

वरच्या दोन टोप्या फिरवून काढल्या, तेव्हा आतून रबराच्या गट्ट्यांची माळ बाहेर आली. या चिमट्यात तेल नव्हतं, स्प्रिंगही नव्हती. एका सळईवर एकाखाली एक ओवलेले रबराचे गट्टे, दोन्ही पायांत सारखेच. चाकाला दगड लागला की गट्टे चेपायचे आणि पुन्हा उसळायचे, एवढीच करामत. टोपीवर एक बटण होतं. ते आत फिरवलं की गट्ट्यांवर आधीच दाब यायचा आणि चिमटा कडक व्हायचा. बाहेर फिरवलं की नरम.

त्याने एक गट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. दगडासारखा. जर्मन साहेब चांगला नव्वद किलोचा गडी असणार, त्याच्या वजनाला लावलेले गट्टे होते हे. पोरगी पन्नास किलोचीसुद्धा नव्हती. तिच्याखाली हा चिमटा म्हणजे नुसती लोखंडी दांडी. ग्रीस नवं घातलं तरी फार फरक पडणार नव्हता. यावर उपाय काय हे कुंडलिकला पाहताक्षणीच कळलं होतं. प्रेसच्या डायला वापरतात त्या नरम रबराचा रॉड त्याच्या खणातच पडला होता. त्याचे तुकडे कापायचे, भोक पाडायचं, निम्मे कडक गट्टे काढून त्यांच्या जागी हे ओवायचे. अर्ध्या दिवसाचं काम. ते करायला त्याचे हात शिवशिवत होते.

त्याने खण उघडला. रॉड हातात घेतला. मग गेटमधून मान खाली घालून जाणारा परशुराम त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याची पोरगी झुळझुळ चालणाऱ्या चिमट्यावर येऊरचा उतार हसत उतरतेय, हेही दिसलं. त्याने रॉड परत खणात टाकला.

नळ्या पुसल्या, जुनं ग्रीस खरवडून नवं घातलं, तेच कडक गट्टे परत ओवले. टोप्या बसवल्या. आणि दोन्ही बटणं जिथपर्यंत जातील तिथपर्यंत आत फिरवली.

मालू आली तेव्हा त्याने चिमटा दाबून दाखवला. ग्रीस नवं असल्यामुळे आता तो अडकत नव्हता, हे खरं. "बघ. लोण्यासारखा झालाय. मार आता बिनधास्त."

आठच दिवसांत ती परत आली. "काका, अजून हातांना मार बसतोच आहे. बोटं बधिर होतात. ब्रेक धरता येत नाही."

"चिमटा बरोबर आहे. तुझ्या हातांत ताकद नाही."

"ही वरची बटणं जरा सैल करून बघू का मी?"

"बटणाला हात लावू नकोस!" कुंडलिक एकदम ओरडला. "ती सैल झाली तर चालत्या सायकलीचा चिमटा सुटून चाक निघेल. मरशील. मग येऊ नकोस माझ्याकडे सांगायला."

मालूने हात मागे घेतला. मोठ्या माणसाने, तेही या कामातल्या माणसाने सांगितलं, म्हणजे तसंच असणार असं तिला वाटलं. "बरं," म्हणून ती निघून गेली.

त्या दिवशी घरी जेवताना कुंडलिक शांताबाईला म्हणाला, "पर्शाची पोरगी येते दुकानात. सायकल मारते डोंगरात. चैन बघ त्यांची."

"हाकलून का नाही दिली?" शांताबाई म्हणाली. "त्या घरातलं कुणी माझ्या दारात आलं तर मी पाणीसुद्धा विचारणार नाही."

कुंडलिकने भाकरीचा तुकडा मोडला.

फेब्रुवारीत कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर एका सायकल क्लबने शर्यत ठेवली होती. डोंबिवली, कल्याण, ठाण्याची मिळून तीस-चाळीस मुलं आणि तीन मुली. कुंडलिकला हे कळलं ते शर्यत होऊन गेल्यावर. टायर बदलायला आलेला एक जण बोलता बोलता म्हणाला, "ती चेंदणीची मालू पडली ना. उतारावर पुढचं चाक दगडांवरून नुसतं उड्या मारत होतं. हातातून हँडलच सुटलं. मनगट मोडलं, दोन ठिकाणी."

कुंडलिकने टायर लिव्हर रिमच्या आत घातला होता. तो त्याने बाहेर काढला आणि पुन्हा घातला. मग त्याने टायर बदलला, हवा भरली, गिऱ्हाईक गेलं. संध्याकाळपर्यंत त्याने चार पंक्चर काढले. पडतातच पोरं, डोंगरात सायकल मारली की, असं तो मनाशी म्हणत राहिला.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे एक टेम्पो येऊन थांबला. मागून मालू उतरली. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पुढच्या सीटवरून एक माणूस उतरला आणि सायकल खाली काढून त्याने ती तिच्या उजव्या हातात दिली. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण कुंडलिकने त्याला रस्त्याच्या पलीकडूनही ओळखलं. परशुराम रस्ता ओलांडून आला नाही. टेम्पोला टेकून तिथेच उभा राहिला.

मालू एका हाताने सायकल ढकलत दुकानापर्यंत आली. तिच्या खांद्याला पिशवी होती. तिने "काका"सुद्धा म्हटलं नाही.

"मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला आहे," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नव्हतं. हात मोडल्यावर घरी बसून या सायकलीबरोबर आलेलं पुस्तक पाहिलं. जर्मन वाचता येत नाही, पण चित्रं कळतात आणि आकडे कळतात."

"मग?"

"मग काही नाही. मोजायचंय. तुमच्यासमोर."

रविवार असल्याने गिरणीला गर्दी नव्हती. आवाज ऐकून तानाजी पिठाने माखलेला तसाच बाहेर आला. "काय रे कुंडलिक, काय झालं?"

"तानाजीकाका ना तुम्ही? बाबांनी सांगितलेलं. जरा सायकल धराल का?" मालूने तानाजीलाच विचारलं. "मागून. मला बसू द्या."

तानाजीने मागचं चाक गुडघ्यांत धरलं. मालूने चिमट्याच्या नळीवरचा धूळ अडवणारा रबरी बूट वर सरकवला, पिशवीतून दोरा काढला आणि आतल्या चकचकीत नळीभोवती, खालच्या जाड नळीच्या कडेला टेकेल असा, दातांनी ओढून बांधला. मग ती सावकाश सीटवर बसली. उजवा हात हँडलवर ठेवला, प्लास्टरचा नुसता टेकवला. पाच आकडे मोजले आणि तशीच सावकाश उतरली. नळीवर दोरा किती वर सरकलाय ते तिने व्हर्नियरची मापपट्टी लावून पाहिलं.

"दोन मिलिमीटर," ती म्हणाली. "हा चिमटा पूर्ण दबतो साठ मिलिमीटर. माणूस नुसता बसला की त्याचा पाचवा हिस्सा दबायला पाहिजे. बारा. पुस्तकात चित्र आहे. तानाजीकाका, आता तुम्ही बसा."

"मी? अगं, मोडेल ती."

"नाही मोडत. तुमचं वजन किती?"

"पंच्याऐंशी असेल."

मालूने सायकल भिंतीला लावली, पुढच्या चाकाशी पाय रोवला. तानाजी बसला. उतरला. तिने व्हर्नियर लावलं आणि ते सरळ कुंडलिकसमोर धरलं. "अकरा. हा चिमटा तानाजीकाकांसाठी लावलाय. माझ्यासाठी नाही."

"तो आलाच तसा होता," कुंडलिक म्हणाला. "जर्मन माणसाचा होता. मी काय करू?"

"तुम्ही उघडलेला. गट्टे पाहिलेत ना आतले?"

"पाहिले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"बरं," मालू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचंच कुंडलिकला भय वाटत होतं. "आता ही बटणं बाहेर फिरवा."

"कशाला?"

"फिरवली तर चाक निघतं म्हणालात ना? तानाजीकाका, हे मला म्हणाले, बटण सैल केलं तर चाक निघून मरशील. म्हणून मी हात लावला नाही. फिरवा तुम्ही. बघू चाक कसं निघतं ते."

कुंडलिक हलला नाही. तानाजी एकदा त्याच्याकडे, एकदा पोरीकडे पाहत होता. रस्त्यावरून जाणारे दोघे जण थांबले होते.

"फिरव की रे," तानाजी म्हणाला. "एवढं काय त्यात?"

कुंडलिकने हात पुढे केला आणि बटण फिरवायला सुरुवात केली. मालू मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तीन. चार. पाच. पाचव्या फेऱ्यानंतर बटण टोकाला येऊन थांबलं. चाक जिथल्या तिथे होतं. तिने बोटाने दुसरं दाखवलं. त्यालाही पाच फेरे.

"पूर्ण आवळलेली होती," मालू म्हणाली. "जर्मन माणसाने दोन फेऱ्यांवर ठेवलेली. टोपीवर त्याने पेनने दोन रेघांची खूण केलेली, अजून आहे, ही बघा. मी हात लावला नाही. म्हणजे तुम्ही आवळलीत."

तानाजीने खाली वाकून खूण पाहिली. बराच वेळ पाहिली.

तेवढ्यात परशुराम रस्ता ओलांडून आला. मालू वळून म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं ना, तिथेच थांबा," पण तो थांबला नाही. पायरीखाली येऊन उभा राहिला. अकरा वर्षांत दोघं इतक्या जवळ आले नव्हते.

"मुद्दाम केलंस?" परशुरामने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. विसरलो म्हणता आलं असतं, नजरचूक म्हणता आलं असतं. कोणीच काही सिद्ध करू शकलं नसतं. पण मालूच्या हातात व्हर्नियर होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या हातांकडे बघत होती. ज्या हातांनी बटणं आवळली, त्या हातांकडे.

"हो," कुंडलिक म्हणाला. "मुद्दाम केलं."

"माज्या पोरीला?" परशुरामचा आवाज फाटला. "माज्यावर राग होता तर माज्या अंगावर यायचा होता! मी काय पळून गेलेलो? अकरा वर्षं त्याच कंपनीत, त्याच गेटातून जातोय. पोरीने तुजा काय बिघडवलेला रे?"

"तू माझं घर बिघडवलंस ना!" कुंडलिकही ओरडला. "माझी पोरं काय खाऊन वाढली तुला माहितेय? तू सही केलीस, आत गेलास, वर साक्ष दिलीस. मांडवात आम्ही दोनशे माणसं बसलेलो. दोनशे! त्यातला तू एकटा काय आभाळातून पडला होतास?"

"सही केली. केलीच. माजी आई मरायला टेकलेली, औषधाला आणू कुठून? लाज वाटली तरी गेलो. ते तू बोल मला, हजारदा बोल, मी ऐकून घेईन. पण साक्ष?" परशुराम तानाजीकडे वळला. "तानाजी, तुला पण हा हेच सांगतो ना, पर्शाने खोटी साक्ष दिली? विचार त्याला. आता विचार, माज्यासमोर. दगड कोणी मारला?"

तानाजी कुंडलिककडे पाहत होता, आणि तेवढंच पुरे होतं.

कुंडलिकने काउंटरची कड धरली. "मी मारला," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, आता राहिलंय तरी काय. "गाडीवर नव्हता मारला. तुझ्यावर मारला होता. नेम चुकला."

"ठाऊक हाय मला," परशुराम म्हणाला. "कानाजवळून गेलेला. चौकशीत तेवढं नाय बोललो मी. बोललो असतो तर पोलीस केस झाली असती, आत गेला असतास. तुज्यावर उपकार म्हणून नाय ठेवला पोटात. दोस्ताने मला दगड मारला, हे पाच साहेबांसमोर सांगायची लाज वाटली मला, म्हणून." तो थुंकला, दुकानाच्या पायरीपासून लांब. "आज नाय वाटत."

तानाजीने अंगावरचं पीठ झटकलं, नसलेलंही झटकलं, आणि "मला तू सांगायला पाहिजे होतंस, कुंडलिक," एवढं बोलून तो गिरणीत गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

"तुमचं झालं का?" मालूने विचारलं. दोघांनाही. "मला यातलं काही नको. माफी पण नको. चिमटा नीट करून पाहिजे, आत्ता, माझ्यासमोर. हे ज्याला येतं असा ठाण्यात दुसरा कोणी नाही, म्हणून आलेय. नाहीतर थुंकायलासुद्धा आले नसते."

कुंडलिकने टोप्या उघडल्या. खणातून नरम रबराचा रॉड काढला. मालूने तो पाहिला, आणि कुंडलिकला कळलं की तिला कळलंय. हा रॉड त्या दिवशीही इथेच होता.

"हा तेव्हा होता तुमच्याकडे?"

"होता."

तिने करवतीकडे बोट दाखवलं.

त्याने रॉड शिकंज्यात धरला, करवतीने मापात तुकडे कापले, प्रत्येकाला मधोमध भोक पाडलं. तो एक तुकडा झाला की मालू तो उजव्या हातात घेऊन व्हर्नियरने बघायची. एक तुकडा तिने परत केला. "हा अर्धा मिलिमीटर जास्त आहे." कारखान्यात इन्स्पेक्टरने जॉब परत केला तर कुंडलिक भांडायचा. आज त्याने निमूट घासून दिला. प्रत्येक पायात दोन कडक गट्टे ठेवले, बाकी सगळे नरम ओवले. रबराला चालतं तेच ग्रीस वापरलं, डबा तिला वाचायला दिला. बटणं बाहेरच्या टोकाला ठेवली. परशुराम सगळा वेळ पायरीखाली उन्हात उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

दोरा बांधून मालू बसली. सायकल परशुरामने धरली. तेरा मिलिमीटर.

"एक फेरा आत," ती म्हणाली. पुन्हा बसली. साडेबारा. "अजून एक." बारा.

मग तिने बापाला पुढचा ब्रेक दाबायला सांगितला, सायकल पुढेमागे हलवून घेतली, नळ्यांच्या सांध्यावर बोटं ठेवून कुठे खडखड लागतेय का पाहिलं. नव्हती. तिने एका हाताने हँडल धरून सायकल पायरीवरून खाली सोडली. चाक आपटलं, चिमटा आत गेला, आवाज न करता वर आला. इतक्या सगळ्यातही कुंडलिकला वाटून गेलं, चांगला झालाय. ते त्याने तोंडावर दिसू दिलं नाही.

परशुरामने सायकल टेम्पोत चढवली. जाताना दोघांपैकी कोणीच मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी घरी गेल्यावर कुंडलिकने शांताबाईला सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, एवढाच त्याचा हिशेब होता. शांताबाई कांदा चिरत होती. ऐकता ऐकता तिने विळी आडवी केली.

"म्हणजे दगड तुम्हीच मारला होता?"

"हो."

"आणि मी त्याच्या बायकोला, सगुणाला, भर बाजारात शिव्या घातल्या. तिच्या मासळीच्या पाटीला लाथ मारलेली मी. म्हावरं सगळं रस्त्यावर पडलं. चार बायका धरायला आल्या. ती उलट एक शब्द बोलली नाही. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही हसला होता."

कुंडलिकला ते आठवत होतं.

"जेवा," शांताबाई म्हणाली. तिने ताट वाढलं, त्याच्यासमोर आपटून ठेवलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसली. त्यानंतर कितीतरी महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, तेही पोरांच्या मार्फत. सगुणाकडे ती एकदा जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण परतली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि तिला सोडायला कोणी नाक्यापर्यंतही आलेलं नव्हतं. तानाजीने दुपारचा चहा बंद केला. गिरणी आणि दुकान यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. तिच्या पलीकडून पट्ट्याचा आवाज यायचा, माणसाचा नाही.

मालूचं मनगट जूनमध्ये मोकळं हलू लागलं, पण हाड थोडं वाकडं जुळलं. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा सायकलवर डोंगर उतरू लागली, असं कुंडलिकला इतरांकडून कळायचं. ती त्याच्या दुकानात पुन्हा कधी आली नाही.

पण तिच्या ओळखीची माणसं यायला लागली. पुढच्या दोन वर्षांत तसल्या चिमट्याच्या सायकली वाढत गेल्या. कोणी मुंबईहून आणलेल्या, कोणी परदेशातल्या नातलगाने पाठवलेल्या. डोंबिवलीहून पोरं यायची, कल्याणहून यायची. "मालूने पाठवलं," असं सांगायची. पहिल्यांदा कुंडलिकला वाटलं, पोरीचा राग गेला असेल.

"दोन दिवस ठेवून जा," त्याने त्या पहिल्या पोराला सांगितलं.

"नाही. ठेवायची नाही म्हणालीय," पोरगा म्हणाला. त्याने सायकलवरचा हात काढला नाही. "ती म्हणाली, हे काम त्यांच्याइतकं कोणाला येत नाही, पण सायकल सोडून जाऊ नकोस. समोर उभं राहून करून घे."

तेव्हापासून तसंच चाललं. लांबून आलेली अनोळखी पोरं काउंटरला टेकून उभी राहायची, चिमटा उघडल्यापासून बंद होईपर्यंत एकही जण चहाला म्हणून जायचा नाही. कुंडलिक खाली मान घालून गट्टे ओवायचा, ग्रीस लावायचा, आणि त्याच्या दहाही बोटांवर कोणाची तरी नजर असायची.